सरळ रेघ खोटी नव्हती

मित्रांनो, मी एक होल्टर आहे. जुना आहे, हे मला मान्य आहे. माझ्या कडा घासल्या आहेत, पट्टा एकदा शिवलेला आहे आणि माझ्यासारखे आता कोणी बनवत नाही. पण जुना म्हणजे खोटा, असं जर कोणी तुम्हाला सांगितलं असेल, तर आधी माझी गोष्ट ऐका आणि मग ठरवा.

होल्टर म्हणजे काय, हे तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत नसेल. दवाखान्यात हृदयाचा आलेख काढताना तुम्ही पाहिलं असेल. माणूस पलंगावर आडवा होतो, छातीवर तारा लावतात आणि पाहता पाहता रेघांचा कागद बाहेर येतो. पण हृदय मोठं लबाड असतं. डॉक्टरांसमोर ते शहाण्यासारखं वागतं आणि माणूस जिना चढू लागला, की खोड्या काढतं. अशा हृदयाची पाठ न सोडण्यासाठी मला बनवलं. मी जाड पुस्तकाएवढा आहे. माणसाच्या कमरेला मला बांधतात, माझ्या रंगीत तारा त्याच्या छातीवर चिकटवतात आणि त्याला घरी पाठवतात. तो जेवतो, झोपतो, कामाला जातो, भांडतो. मी दिवसरात्र त्याचा प्रत्येक ठोका माझ्यातल्या कॅसेटच्या फितीवर उतरवून घेतो. माझ्या अंगावर एक बटण आहे. चक्कर आली किंवा छातीत धडधडलं, की माणसाने ते दाबायचं. फितीवर त्या क्षणाची खूण उमटते.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथे एका म्हाताऱ्या कारागिराने माझी मोटर कितीदा तरी तपासली होती. कॅसेट इतक्या हळू फिरली पाहिजे, की डोळ्याला ती थांबल्यासारखी वाटावी, पण ती थांबता मात्र कामा नये. तो माझ्यावर समाधानी झाला तेव्हाच त्याने माझं झाकण लावलं. तिथून मी थेट रियाधला आलो, एका मोठ्या इस्पितळाच्या हृदयविभागात.

सुरुवातीची वर्षं फार मानाची होती. माझ्यासाठी लोक ताटकळत थांबत. मी शाळेच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर शहरभर फिरलो. एका सौदी आजीने मला आपल्या काळ्या पायघोळ अबायाखाली लपवलं आणि दिवसभर नातवंडांना दटावत राहिली, की पोटाजवळ येऊ नका, इथे डॉक्टर बसला आहे. ओलाया या शहरातल्या बाजारपेठेच्या भागातल्या बँकेतले एक साहेब माझ्या तारा कोणाला दिसू नयेत म्हणून भर उन्हाळ्यात कोट घालून बसले. त्यांच्या हृदयाला काही झालं नव्हतं. उकाड्याने मात्र जीव नकोसा झाला होता, हेही मी फितीवर टिपून आणलं.

मला बांधायचं आणि सोडायचं काम पद्मिनीकडे होतं. ती मूळची मिरजेची. तिथल्या इस्पितळात ती हे काम शिकली होती. तिचा नवरा कुमार ओलायात एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात लागला, तेव्हा ती मुलाला, शर्विलला, घेऊन रियाधला आली आणि आमच्या इस्पितळात तंत्रज्ञ झाली. ती कमी बोलायची. मी परत आलो, की स्पिरिटच्या बोळ्याने माझी एकेक तार पुसायची, बॅटरी बदलायची, मग मला कानाशी धरून मोटरचा आवाज ऐकायची. तो नीट असला तरच मला पुढच्या माणसाकडे पाठवायची. जगात माझं खरं मोल कोणाला कळलं असेल, तर ते तिला.

दोन हजार तीन साली आमच्या विभागात एक संशोधन सुरू झालं. एका कंपनीने हृदयाच्या थरथरीवर नवी गोळी काढली होती. काही माणसांच्या हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसत नाहीत, नुसते थरथरतात. त्यामुळे ठोके वेडेवाकडे पडतात, दम लागतो, कधी कधी रक्ताची गुठळी होऊन अर्धांगवायूही होतो. ही थरथर नव्या गोळीने थांबते का, हे पाहायचं होतं.

तुम्हाला वाटेल, गोळी तयार झाली की दुकानात येते. तसं नसतं. आधी काही माणसं स्वखुशीने पुढे येतात. त्यांतल्या अर्ध्यांना नवी गोळी देतात आणि अर्ध्यांना जुनी. कोणाला कुठली मिळाली, हे रोग्याला कळू देत नाहीत, डॉक्टरलाही नाही. कारण मनात आशा असली, की माणसाला बरं वाटायला लागतं आणि डॉक्टरलाही रोगी सुधारलेला दिसायला लागतो. म्हणून ज्याला आशाही नाही आणि भीतीही नाही, असा कोणीतरी मध्ये लागतो. तो मी होतो. हे मी फुशारकीने सांगतोय, असं वाटलं तर वाटू द्या.

संशोधनाचे प्रमुख होते डॉक्टर मुस्तफा. ते सुदानचे, उंच, सावकाश बोलणारे. रोग्याचा हात हातात घेतल्याशिवाय ते बोलायला सुरुवात करत नसत. आणि संशोधनावर देखरेख करणाऱ्या कंपनीकडून शिरीष यायचा. त्याचं ऑफिस ओलायातल्या एका टॉवरमध्ये होतं. तो पुण्याचा. कामाला चोख आणि बोलायला गोड. पद्मिनीशी तो मराठीतच बोलायचा. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात त्यांच्या कुटुंबांच्या गाठीभेटी होत असत.

संशोधन चालू असतानाच विभागात नवे होल्टर आले. ते माझ्या निम्म्याने लहान होते आणि त्यांना कॅसेट लागत नव्हती. सगळे त्यांच्याभोवती जमले. मी आणि माझ्यासारखे काही जुने कपाटाच्या खालच्या फळीवर गेलो. तरी पद्मिनीने आम्हाला वापरातून काढलं नाही. ज्या रोग्यांची पहिली नोंद ज्या यंत्रावर झाली, त्यांची पुढची नोंदही त्याच यंत्रावर व्हावी, असं तिचं म्हणणं होतं. म्हणूनच गुणाजी माझ्या वाट्याला आला.

गुणाजी लांज्याकडचा. रियाधजवळच्या अल खर्ज गावात दुधाच्या एका नव्या कारखान्याचं बांधकाम चालू होतं, तिथे तो स्टीलच्या पाइपांचं वेल्डिंग करायचा आणि कंपनीच्या कॅम्पात राहायचा. त्याला कित्येक वर्षांपासून थरथरीचा त्रास होता. संशोधनातली गोळी सुरू झाल्यापासून त्याची धडधड गेली. ती नवीच गोळी होती, हे पुढे उघड झालं. पद्मिनीला तो म्हणायचा, की आता मी मुलासारखा झोपतो. ते खरं होतं. थरथर गेलेली मी स्वतः टिपली होती. गोळी त्या बाबतीत चांगलंच काम करत होती, आणि हे सांगायला मला काही कमीपणा वाटत नाही. जे असेल ते मी टिपतो.

संशोधन संपत आलं होतं. शेवटच्या काही नोंदींपैकी एकीसाठी पद्मिनीने मला गुणाजीच्या कमरेला बांधलं. आजच्या दिवशी वेल्डिंग करू नका, त्या ठिणगीने नोंद खराब होते, असं तिने त्याला बजावलं. म्हणून फोरमनने त्याला दुसरं काम दिलं. दुधाच्या उंच टाक्यांवर चढून वरचे जोड तपासायचे. त्याच्याबरोबर जाफर होता. जाफर दापोलीकडचा, फिटर. दोघं कॅम्पात एकाच खोलीत राहायचे.

ऊन चांगलंच चढलं होतं. गुणाजी शिडी चढून वरच्या लोखंडी माचीवर आला. मी त्याच्या ठोक्यांबरोबर वर चढत होतो. ठोके नेमाने पडत होते, थोडे जलद, चढाव चढणाऱ्या माणसाचे पडावेत तसे. आणि एकाएकी ठोका आला नाही. मी पुढच्याची वाट पाहिली. तोही आला नाही. फितीवर माझी रेघ सरळ जात राहिली. मित्रांनो, आयुष्यभर मी डोंगरासारख्या वर-खाली जाणाऱ्या रेघा काढल्या. जिवंत माणसाच्या अंगावर असताना अशी सपाट रेघ काढायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मला ओरडता येत नाही. काही करता येत नाही. मी फक्त ती रेघ काढत राहिलो.

गुणाजीचे गुडघे वाकले. तो कठड्यावरून पुढे झुकला, आणि जाफरने मागून त्याचा शर्ट मुठीत धरून त्याला खाली बसवलं. तेवढ्यात हृदयाने एक ठोका दिला. मोठा, बेढब, झोपेतून दचकून उठल्यासारखा. मग दुसरा, मग तिसरा. गुणाजीने डोळे उघडले. कुठे आहोत हे कळायच्या आतच त्याचा अंगठा सवयीने माझ्या बटणावर गेला. खूण उमटली.

ते बटण दाबल्याचा त्याला लगेच पश्चात्ताप झाला. त्याने जाफरला शपथ घातली, की हे कोणाला सांगायचं नाही. आजारी माणूस कंपनीला नको असतो. पासपोर्टवर एक्झिटचा शिक्का मारतात आणि विमानात बसवतात. खलास.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात पद्मिनीने फीत लावली, ती सरळ रेघ पाहिली आणि खुर्चीतून उठून उभी राहिली. तिने गुणाजीला विचारलं, त्या वेळी काय झालं होतं. तो म्हणाला, काही नाही, बटण चुकून दाबलं गेलं. तो तिच्या डोळ्यांकडे पाहत नव्हता. तिने त्याला जाऊ दिलं, पण ही गोळी आता घेऊ नका, असंही सांगितलं. त्याने मान हलवली आणि कॅम्पात जाऊन गोळी घेतली. इतकी वर्षं जिच्यामुळे झोप लागली नव्हती ती धडधड त्याला परत नको होती.

पद्मिनी फीत घेऊन डॉक्टर मुस्तफांकडे गेली. शिरीषही त्या दिवशी तिथेच होता. दोघांनी रेघ पाहिली. डॉक्टर त्या रेघेवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिले. शिरीष मात्र लगेच बोलला. त्याचं म्हणणं असं, की तार सैल झाली असेल, किंवा हे यंत्रच जुनं आहे, मध्येच बंद पडलं असेल. बाकी सगळ्या नोंदी उत्तम आहेत. या एका नोंदीपायी सगळं संशोधन अडकवून ठेवायचं का? ही नोंद सदोष म्हणून बाजूला काढू, असं त्याने सुचवलं.

मी टेबलावर पडलेलो होतो आणि माझ्यासमोरच माझ्यावर हा आरोप चालला होता. मी बंद पडलो होतो म्हणे. मित्रांनो, त्या माचीवर एकाच गोष्टीने काम थांबवलं होतं, आणि ती मी नव्हतो.

पद्मिनीने शांतपणे समजावून सांगितलं. तार सैल झाली तर रेघ खरवडल्यासारखी होते, भरकटते. इथे ती स्वच्छ सपाट आहे. शिवाय मी दोन वेगवेगळ्या तारांवरून दोन रेघा काढतो. त्या दोन्ही एकाच क्षणी सपाट झाल्या आणि एकाच क्षणी उठल्या. आणि पाठोपाठ बटणाची खूण. डॉक्टर मुस्तफांना तिचं म्हणणं पटत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण तेही अडखळले. एका फितीवर एवढं मोठं विधान कसं करायचं, असं ते म्हणाले. रोगी स्वतः काही झालं नाही म्हणतो. यंत्र जुनं आहे, हेही खोटं नाही. तूर्त या नोंदीवर तू सदोष असं लिही, मग पाहू, असं त्यांनी तिला सांगितलं.

"लिहिणार नाही," पद्मिनी म्हणाली. "यंत्रात दोष असेल, तर ते माझ्यासमोर उघडा आणि मला दाखवा. दोष सापडला तर मी माफी मागेन. पण रेघ आवडली नाही म्हणून यंत्राला खोटं म्हणायचं, हे माझ्या हातून होणार नाही."

शिरीष हसला आणि मराठीत म्हणाला, की मॅडम, एवढं मनाला लावून घेऊ नका, यात कोणाचंच नुकसान नाही. ती म्हणाली, "गुणाजींचं आहे." आणि मला उचलून बाहेर आली.

त्या दिवशी तिने मला स्वतःच्या छातीवर लावलं. मला घेऊन ती इस्पितळाच्या बसने घरी गेली. मी पहिल्यांदाच तिचं घर पाहिलं. तिने पोळ्या केल्या, कपडे वाळत घातले, शर्विलचा अभ्यास घेतला. हे दुखतं का, असं शर्विलने इंग्रजीत विचारलं आणि तिने नाही म्हणून मराठीत सांगितलं. कुमार ऑफिसमधून आला तेव्हा तिने त्याला सगळी हकिकत सांगितली. कुमार भला माणूस, पण तो काळजीत पडला. शिरीषला सगळे ओळखतात, तो मंडळात भेटतो, उगाच वाकडेपणा नको, असं त्याला वाटत होतं.

"तो आपल्यातला माणूस आहे गं," तो म्हणाला. "जरा जपून घे."

"गुणाजीही आपल्यातलेच आहेत," पद्मिनी म्हणाली. "ते मंडळाच्या कार्यक्रमांना येत नाहीत, एवढंच."

हे बोलताना तिचं हृदय केवढं धडधडत होतं, ते फक्त मला माहीत आहे. आवाजात मात्र तिने ते जाणवू दिलं नाही. कुमारने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग म्हणाला, शुक्रवारी मला सुट्टी आहे, गुणाजींना भेटायला अल खर्जला मी नेतो.

पद्मिनीची फीत दुसऱ्या दिवशी तपासली. एकही ठोका सुटलेला नव्हता. शिरीष म्हणाला, याने एवढंच सिद्ध होतं, की यंत्र काल चाललं. परवा चाललं होतं का, ते कोण सांगणार? ज्याला ऐकायचंच नसतं, त्याच्यापुढे आपण कितीही नेमाने चाललो, तरी त्याला पुरत नाही. मग पद्मिनीने डॉक्टरांपुढे शेवटचा उपाय मांडला. गुणाजीला इस्पितळात ठेवू, सर्वांच्या डोळ्यांसमोर. गोळी बंद करू, तरी तिचा अंश शरीरात काही दिवस राहतोच. त्याच्या अंगावर एका बाजूने हा जुना होल्टर लावू आणि दुसऱ्या बाजूने नवा. दोघं काय सांगतात ते पाहू. डॉक्टर मुस्तफा या वेळी अडखळले नाहीत. ते म्हणाले, रोगी तयार असेल तर आजच आणा.

पण रोगी तयार नव्हता. फोनवर तो बोलेनासा झाला होता.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर कुमारने गाडी अल खर्जच्या कॅम्पाच्या फाटकाबाहेर उभी केली. बायकांना आत जाता येत नव्हतं. गुणाजी आणि जाफर बाहेर आले आणि गाडीच्या सावलीत उभे राहिले. पद्मिनीने मला मांडीवर ठेवलं होतं. माझ्याकडे पाहून गुणाजीने तोंड फिरवलं.

"ताई, या गोळीने माझी धडधड गेली," तो म्हणाला. "ती तुम्ही बंद करा म्हणता. आणि कंपनीला कळलं, तर माझी नोकरी जाणार. म्हणजे तुम्ही मला दोन्हीकडून मारताय."

"हो, दोन्हीकडून," पद्मिनी म्हणाली. "ते मला माहीत आहे. म्हणून फोनवर न सांगता तोंडावर सांगायला आले. तुम्ही नाही म्हणालात, तर मी परत जाईन. पण तुमचं हृदय थांबलं होतं, गुणाजीभाऊ. ते थांबलं नव्हतं, असं मी कुठेही लिहिणार नाही."

गुणाजी वाळूत चप्पल घासत राहिला. मग जाफर बोलला.

"गुणाजी, त्या दिवशी तुझा शर्ट माझ्या मुठीत होता. मी पाणी आणायला खाली गेलो असतो तर?"

गुणाजीने त्याच्याकडे पाहिलं. शपथ मोडली म्हणून तो चिडेल, असं मला वाटलं. पण तो फाटकातून आत गेला आणि थोड्या वेळाने कपड्यांची पिशवी घेऊन बाहेर आला.

इस्पितळात त्याच्या छातीवर एका बाजूला माझ्या तारा लावल्या आणि दुसऱ्या बाजूला त्या नव्या होल्टरच्या. नव्याबद्दल माझ्या मनात राग नव्हता. उलट मला तो हवाच होता. जो खरं काम करतो, त्याला दुसरा साक्षीदार आला म्हणून भीती वाटत नाही.

पहिला दिवस तसाच गेला. गुणाजी कंटाळला. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर डॉक्टर मुस्तफा त्याला व्हरांड्यात फिरवायला घेऊन गेले. नेहमीप्रमाणे त्यांनी त्याचा हात हातात धरला होता. दोघं अरबीत बोलत होते, गुणाजी मोडक्यातोडक्या. डॉक्टर म्हणत होते, की खजुरासारखं फळ नाही. गुणाजी त्यांना हापूसचं वर्णन करून सांगत होता. साल कशी निघते, ते तो बोटांनी दाखवत होता. आणि वाक्याच्या मध्येच तो थांबला.

माझी रेघ सपाट झाली. डॉक्टरांची बोटं त्याच्या मनगटावर होती. तिथे काहीच लागत नव्हतं. त्यांनी त्याला कवेत घेऊन जमिनीवर निजवलं, नर्सला हाक मारली, आणि ती धावत येईपर्यंत तो दचकलेला ठोका परत आला. गुणाजीने डोळे उघडले. डॉक्टर त्याच्याजवळ जमिनीवरच बसून राहिले होते. त्यांचा पांढरा कोट चुरगळला होता.

दोन्ही यंत्रांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या. माझी आणि नव्याची सपाट रेघ एकाच क्षणी सुरू झाली होती, एकाच क्षणी संपली होती. जराही फरक नव्हता. डॉक्टर मुस्तफा पद्मिनीला म्हणाले, "मी तुझ्याकडून खोटं लिहून घेणार होतो." ती माझ्या तारा पुसत होती.

त्यानंतर सगळं वेगाने झालं. डॉक्टरांनी इस्पितळाच्या समितीला कळवलं. सगळ्यांच्या गोळ्या थांबवल्या, सगळ्या रोग्यांना परत बोलावलं आणि जुन्या नोंदी पुन्हा तपासायला घेतल्या. आणखी काही जणांच्या नोंदींत तशाच रेघा सापडल्या, थोड्या लहान. प्रत्येक वेळी कोणीतरी त्यांना सैल तार म्हणून सोडून दिलं होतं. पुढे असं ठरलं, की गोळी वाईट नाही, पण ज्यांचं हृदय मुळात मंद चालतं, त्यांच्यासाठी ती धोक्याची आहे. तेव्हा आधी तपासायचं आणि मगच द्यायची. हे वाक्य लिहिलं गेलं, त्यात माझा वाटा आहे. तो कोणी लिहिला नाही, म्हणून मी सांगतो आहे.

शिरीषने कधी चूक कबूल केली नाही. नव्या मशीननेही तेच दाखवलं, मग प्रश्न मिटला, एवढंच तो म्हणाला. नव्या मशीननेही! मित्रांनो, आधी कोणी दाखवलं होतं? त्या वादापायी पद्मिनीला काही महिने संशोधनातून काढून साध्या आलेखांच्या खोलीत बसवलं होतं. तिथेही ती रोज वेळेवर येऊन तारा पुसत असे. पुढचं संशोधन सुरू झालं, तेव्हा डॉक्टर मुस्तफांनी तिला परत मागून घेतलं. येताना तिने एकच अट घातली. कुठलीही नोंद सदोष म्हणून काढायची असेल, तर दोघांनी ती पाहायची आणि का काढली ते लिहायचं. ती अट आजही पाळली जाते.

आणि गुणाजी? गोळी शरीरातून गेल्यावर त्याच्या हृदयाने पुन्हा कधी असा खंड पाडला नाही. थरथर मात्र परत आली. जुन्या औषधाने ती बेताची राहते. त्याला जमिनीवरचं काम द्यावं, असं डॉक्टरांनी कंपनीला लिहिलं होतं. कंपनीने त्याला एक्झिट दिला. जायच्या आधी तो जाफरबरोबर इस्पितळात आला. त्याने माझ्याकडे बोट दाखवून म्हटलं, की याने माझी नोकरी खाल्ली. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पद्मिनीने त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

मग तो खुर्चीत बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, एक सांगू? माचीवर झालं, ते पहिल्यांदा नव्हतं. याच्याआधी दोनदा झालं होतं. मी बोललो नाही. वर चढताना दर वेळी मला माहीत असायचं."

एवढं सांगून त्याने डोळे पुसले. निघताना त्याने मला हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि जागेवर ठेवलं. आता तो लांज्याला खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं बनवतो, असं जाफरने सुट्टीहून परतल्यावर पद्मिनीला सांगितलं. त्याच्या मुलीच्या लग्नात जाफर जेवून आला होता.

आता दोन हजार नऊ साल उजाडलं आहे. मला लागणाऱ्या कॅसेट मिळेनाशा झाल्या, म्हणून मला कामावरून उतरवलं. दोष सापडला म्हणून नव्हे, हे लक्षात ठेवा. मी सध्या शिकणाऱ्या मुलींच्या वर्गात टेबलावर असतो. छातीवर तारा कुठे चिकटवायच्या, ते माझ्यावर शिकवतात. परवा एका नव्या मुलीने, विभाने, हसून विचारलं, हे खेळणं अजून का ठेवलंय? पद्मिनीने तिला खाली बसायला सांगितलं आणि गुणाजीची रेघ फळ्यावर काढून दाखवली. मुलगी पुन्हा हसली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझे भाऊबंद आहेत. ताप मोजणारी काचेची नळी आहे, साखर तपासणारं यंत्र आहे, आजोबांच्या दंडाला बांधायचा रक्तदाबाचा पट्टा आहे. सहलीच्या दिवशी ती नळी तुम्हाला नको तो आकडा दाखवील. तेव्हा तिला झटका, पुसा, पुन्हा लावून पाहा, शेजाऱ्यांची दुसरी आणून ताडून पाहा. आम्हाला त्याचा राग येत नाही. आमच्या बॅटऱ्या बदला, तारा गुंडाळून नीट ठेवा, ओल्या हाताने धरू नका. पण आकडा आवडला नाही म्हणून आम्हाला खोटं ठरवू नका. तुमच्या अंगात जे चाललं आहे, तेवढंच आम्ही सांगतो. त्यात आमच्या पदरचं काही नसतं.

आणि एवढं ऐकूनही कोणी म्हणालंच, की या जुन्या डब्याचं काय ऐकायचं, तर त्याला माझ्यासमोर घेऊन या. माझ्या तारा शाबूत आहेत. एक कॅसेट कुठूनतरी शोधून काढा आणि मला त्याच्या छातीवर लावा. बोलताना त्याचं हृदय काय म्हणत होतं, ते मी त्यालाच दाखवीन.